निशाण ओलांडेपर्यंत

कॉम्प्युटर बंद पडला तर मला राग येत नाही. बंद पडलेलं निदान कळतं तरी. राग येतो तो अडकलेल्या कॉम्प्युटरचा. चित्र दिसतंय, दिवा लागलाय, पंखा फिरतोय, पण बाण जागचा हलत नाही आणि तुम्ही माउस आपटत बसलाय. मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखं, उठायचं नाही आणि काय हवंय तेही सांगायचं नाही.

वरकुट्याच्या माळावर त्या रविवारी आमचा कॉम्प्युटर असाच रुसला. आणि रुसायला त्याला वेळ कुठली मिळाली, तर नेमकी शर्यतीत धोंडीबामामाची बैलगाडी निशाणावर आली तेव्हाची.

मी निकिता. बारामतीत एमआयडीसीतल्या एका कंपनीत चलनं आणि बिलं कॉम्प्युटरवर चढवते. त्याच त्या चार-पाच कळा दिवसभर दाबून बोटं आखडायला लागली, तेव्हा मी स्क्रिप्ट लिहायला शिकले. स्क्रिप्ट म्हणजे फार काही नाही. कॉम्प्युटरला एकदा नीट लिहून द्यायचं, की बाबा रे, ही कळ दाबली की ही सगळी कामं ओळीनं तूच कर. आळशी माणसाला अक्कल लवकर येते असं आई म्हणते. माझ्या बाबतीत ते खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

माझा धाकटा भाऊ सौरभ भवानीनगरला घरीच असतो. बैलगाडा शर्यती थेट मोबाइलवर दाखवायचं त्याचं काम. एक टेम्पो, टेम्पोच्या पाठीवर मोठा एलईडी पडदा, दोन कॅमेरे आणि एक जनरेटर, एवढा त्याचा संसार. नाव ठेवलंय 'निशाण लाइव्ह'. निशाण म्हणजे शर्यतीची शेवटची रेघ. तिथं झेंडापंच उभा असतो. जी गाडी आधी रेघ ओलांडेल तिच्या बाजूला तो झेंडा टाकतो, आणि तोच निकाल. पण बैल पळतात तेव्हा धुरळा उठतो, आणि दोन नाकं जोडीनं आली की पंचाच्या डोळ्यांना तरी किती दिसणार? मग आरडाओरडा होतो, गचांड्या धरल्या जातात, आणि पुढं वर्षभर दोन गावांत बोलणं बंद.

म्हणून सौरभच्या डोक्यात आलं, की शर्यत संपल्या संपल्या शेवटचा टप्पा पडद्यावर हळूहळू परत दाखवायचा. सगळ्यांनीच बघा, मग भांडायचं कशाला. कल्पना झकास होती. पण त्यासाठी आधीचं चित्र साठव, पडदा बदल, चित्र हळू चालव, परत मूळ जागी ये, अशा वेगवेगळ्या कळा घाईत दाबाव्या लागायच्या, आणि घाईत सौरभला स्वतःचं नाव आठवत नाही. मी स्क्रिप्ट लिहून दिली. सगळं एका कळीवर आणलं, एफ नाइन. ती ओळखू यावी म्हणून तिच्यावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

ती कळ दाबायला कोण? आई.

यात कुणाला हसू आलं तर त्यानं आमच्या आईला पाहिलेलं नाही. केसरबाई, माहेर मोरगाव. आमचे आजोबा, म्हणजे आबा, त्या भागातले नावाजलेले गाडीवान. आई लहानपणी त्यांच्या गाडीत उभी राहून मोकळ्या रानात बैल पळवायची. मोठी झाली आणि ते संपलं. शर्यतीच्या माळावर बायकांचं काय काम, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. गेली कित्येक वर्षं आई शर्यती ऐकायची ती भाकरी थापताना, मोबाइलवरून. सौरभनं निशाणाशेजारी लावलेल्या टेम्पोत कॉम्प्युटरसमोर तिला खुर्ची टाकून दिली, तेव्हा पहिल्यांदा तिला माळावर स्वतःची हक्काची जागा मिळाली. त्या दिवशी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. मला फार बरं वाटलं.

सकाळी नारळ फुटला तेव्हा शर्यत कमिटीचे विजयसिंह तात्या टेम्पोपाशी आले. पांढरा सदरा, तोंडात बडीशेप आणि बोलणं सरळ.

"सौरभ, पडद्यानं भांडणं मिटली तर हितून फुडं समद्या शर्यतींना तूच. अन भांडणं वाढली, तर टेम्पो परत ह्या माळावर आणायचा न्हाय. मान्य हाय?"

"मान्य हाय, तात्या," सौरभ म्हणाला. मान्य न करून सांगतो कुणाला.

शर्यती सुरू झाल्या. आधी गट पळतात, गटातल्या पहिल्या गाड्या सेमीत, सेमीतल्या फायनलला. पहिले काही गट कसे गेले म्हणून सांगू. गाड्या सुटल्या, धुरळा उठला, निशाण आलं, आईनं ठिपक्यावर बोट ठेवलं आणि पडद्यावर बैल हळूहळू पोहल्यासारखे पुढं आले. माळावरची माणसं आ करून बघत होती. एक म्हातारा तर पडद्याजवळ जाऊन बैलाच्या खुरांना हात लावून आला. मी पडद्यावर गाड्यांची नावं टाकत होते, सौरभ निशाणावर कॅमेरा धरून होता आणि माझा आनंद पोटात मावत नव्हता.

मग मामाचा गट आला. मामाच्या गाडीला दोन बैल, बादशा आणि वकील. वकील हे बैलाचं नाव ऐकून लोक हसतात, पण मामा म्हणतो, हा शेवटच्या तारखेलाच उभा राहतो. खरंच, सुरुवातीला तो मागं रेंगाळतो आणि निशाण दिसलं की अंगात आल्यासारखा सुटतो. त्यामुळं मामाची गाडी जिंकली तरी घासून आणि हरली तरी घासून.

त्या वेळीही तसंच झालं. दोन गाड्या जोडीनं निशाणावर आल्या. आईनं कळ दाबली. आणि पडद्यावर एक चित्र आलं ते तिथंच थिजलं. वकिलाचं एक शिंग, मागं धुरळा. बाण हलेना, काही हलेना. पंचानं झेंडा मामाच्या बाजूनं टाकला, लोक पडद्याकडं बघायला लागले, आणि पडद्यावर नुसतं ते शिंग. शेवटी मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. तोवर पुढचा गट तयार झाला होता.

"जनरेटर," सौरभ म्हणाला. जनरेटरवाल्याला दम दिला, वीज मोजली, बरोबर निघाली. "मग ऊन." टेम्पोच्या टपावर ओलं पोतं टाकलं. कॉम्प्युटरचा पत्रा काढून हात लावून बघितला, कोमट होता. मी विषाणू शोधणारं सॉफ्टवेअर बंद केलं, केबली काढून परत खोचल्या. पुढचे गट सुरळीत गेले. आम्ही म्हटलं, पोत्यानं काम केलं.

पोत्यानं काहीही केलं नव्हतं. दुपारी दुसऱ्याच दोन गाड्या घासून आल्या आणि कॉम्प्युटर परत थिजला. त्या गटात मामा नव्हता, पण हे नंतर कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. माणसाला हवं तेवढंच लक्षात राहतं.

"ताई, तुझी स्क्रिप्ट काढ," सौरभ घाम पुसत म्हणाला.

मला राग आला, पण काढली. नुसत्या हातानं कळा दाबून बघितलं. कॉम्प्युटर अडकला नाही, पण एक गट दिसला तर दुसरा हुकला, आणि लोक शिट्ट्या मारायला लागले. परत स्क्रिप्ट लावली, तर तीही पुढचे सगळे गट बिनतक्रार चालली. म्हणजे दोष स्क्रिप्टमध्ये आहे हे खरं आणि नाही हेही खरं. अशा वेळी मला कुणीतरी समोर लागतं चिडायला. मी सौरभवर चिडले, मग जनरेटरवाल्यावर, आणि कुणी उरलं नाही तेव्हा शांत बसून विचार करायला लागले. बारामतीच्या ऑफिसात हीच स्क्रिप्ट मी आठवडाभर चालवून बघितली होती. तिथं एकदाही अडकली नव्हती. मग तिथं नव्हतं असं इथं काय होतं?

इथं बैल होते. घासून येणारे बैल.

गाड्या लांबलांब आल्या तर कॉम्प्युटर ठीक, आणि जोडीनं आल्या की अडकला. हे डोक्यात आलं, पण हे खुळ्यासारखं होतं. कोण पुढं, कोण मागं, हे कॉम्प्युटरला कुठं कळतं? त्याला काय त्याचं? शर्यत घासून झाली तर फरक पडतो तो माणसांना. म्हणजे टेम्पोतल्या तिघांपैकी कुणाला तरी.

सेमीफायनलला मामाची गाडी आली. बाजूच्या पट्ट्यात इंदापूरच्या सोमनाथरावांची गाडी. सोमनाथरावांनी त्या दिवशी दोन गाड्या उतरवल्या होत्या, त्यातली ही एक. मी ठरवलं, ह्या वेळी बैल बघायचे नाहीत. सांगायला सोपं आहे. निवेदकाच्या आवाजानं भोंगा फुटायला आला होता, माळ उभा राहिला होता, माझा सख्खा मामा हातभर अंतरावर पळत होता, आणि मी त्याच्याकडं पाठ करून आईच्या हाताकडं बघत बसले. आयुष्यात एवढा संयम मी कधी पाळला नव्हता आणि परत पाळीन असं वाटत नाही.

आईचं बोट ठिपक्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. उठलं नाही. दाबून, रोवून, नख पांढरं पडेपर्यंत आई ती कळ धरून होती. तिचा दुसरा हात खुर्चीच्या कडेला आवळला होता, दात ओठांवर, डोळे निशाणावर. गाड्या रेघेपलीकडं गेल्या तेव्हा कुठं तिनं हात सोडला. मी वर बघितलं. पडदा थिजला होता.

पंचानं झेंडा मामाच्या बाजूनं टाकला.

"वा," सोमनाथराव टेम्पोपाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धोंडीबाची गाडी घासून आली की ह्यांचा पडदा झोपतोय. भाचा कॅमेऱ्यावर, भाची आत, अन सख्खी भन कळीवर. समदं घरातच हाय की."

मागं लोक जमले. कुणी हसलं, कुणी "व्हय, व्हय" म्हणालं. सौरभ कॅमेरा सोडून धावत आला. विजयसिंह तात्या आले आणि नुसते आमच्याकडं बघत उभे राहिले. ते बघणं मला शिव्यांपेक्षा लागलं. आम्हाला कुणी गरीब म्हणावं, अडाणी म्हणावं, चालतं. लबाड कुणी म्हटलं नव्हतं.

"तात्या," मी म्हणाले, "काय बिघडलंय ते मला कळलंय. फायनलपर्यंत दुरुस्त करते."

"सकाळधरनं तुमी त्येच करताय, पोरी."

"सकाळधरनं मी मशीन बघत हुते."

तात्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी घड्याळाकडं बघितलं. फायनलच्या पट्ट्यांसाठी चिठ्ठ्या काढायच्या होत्या, बैलांना पाणी दाखवायचं होतं. "तेवढा येळ हाय तुमाला. फायनलला पडदा अडकला तर टेम्पो तवाच हलवायचा. बक्षिसाला बी थांबायचं न्हाय."

मी आत शिरले, कॉम्प्युटर परत चालू केला, स्क्रिप्ट लावली आणि एफ नाइन मुद्दाम दाबून धरली. आईसारखी, रोवून. पडदा थिजला. आजवर कॉम्प्युटर अडकल्यावर मी शिव्या दिल्यात, पण त्या दिवशी टाळी वाजवली. सौरभला वाटलं, मला ऊन लागलं.

"अरे, कळ दाबून धरली की काय होतं? अ दाबून धरला की अ अ अ अ अशी ओळ उमटते ना? कळ नुसती धरून ठेवली तरी कॉम्प्युटरला ती परत परत दाबल्यासारखीच वाटते. आईनं एकदा धरली आणि ह्यानं पन्नासदा ऐकली. पहिलं चित्र साठवून होत नाही तोवर दुसरं साठव, तिसरं साठव. एका म्हशीच्या कासेला पन्नास जण एकदम बसले तर ती दूध देईल का लाथ मारेल?"

"मंजे आईमुळं," सौरभ म्हणाला.

त्याला तसं म्हणायचं नव्हतं हे मला माहीत आहे. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आईनं ऐकला होता.

"आई, बोट उचलत का नाहीस गं?" मी विचारलं.

"निशाण वलांडल्याबिगर हात सोडायचा न्हाय," आई म्हणाली, आम्हाला हे कसं माहीत नाही असा तिचा चेहरा. "कासरा म्होरंच ढिला केला तर बैल रेघंवर बिचकतो. आबांनी शिकवलंय मला. गाडी म्होरं असली तर सैल धरला तरी चालतंय. जोडीनं आली की धरायचा त्यो धरायचाच."

म्हणजे असं होतं ते. गाड्या लांब असल्या की आई ठिपक्यावर टिचकी मारून मोकळी व्हायची. घासून आल्या की तिच्या हातात कळ राहायची नाही, कासरा यायचा.

"आई, फायनलला तू उठ," सौरभ हळूच म्हणाला. "ताई दाबेल. लोक बी बोलाय लागलेत."

आई उठली. पदर खांद्यावरून घेतला आणि टेम्पोच्या फळीकडं निघाली, दुसऱ्याच्या घरात चुकून बसलेलं माणूस उठतं तशी. मला एवढा संताप आला की कॉम्प्युटर उचलून माळावर फेकावासा वाटला. संताप सौरभचा नव्हता, माझा मला आला होता. ऑफिसात ही स्क्रिप्ट मी निवांत चहा पीत तपासली होती. टिचकी मारली, चाललं, टिचकी मारली, चाललं. शर्यतीसाठी स्क्रिप्ट लिहिली आणि कळ दाबणाऱ्या माणसाचं रक्त उसळेल एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. मग चूक बोटाची कशी?

"आई, बस तिथंच," मी म्हणाले. "तुझी सवय नाही बदलायची. ह्याची बदलायची आहे."

"फायनलला नवा प्रयोग?" सौरभचा आवाज चिरकला.

"गप उभा राहा."

माझं डोकं लख्ख चालत होतं. असं कधीमधी होतं, सगळं एकदम दिसायला लागतं. मी स्क्रिप्टला नव्यानं सांगितलं. कळ दाबली गेली की नुसते कान टवकार, काही करू नकोस. तीच हाक परत परत आली तरी हलू नकोस. बोट सुटलं की मग काम कर, एकदाच. आणि हातातलं संपेपर्यंत दुसरं घेऊ नकोस. चारदोन ओळींचं काम होतं. लिहिता लिहिताच मला कळलं की हे आधीपेक्षा चांगलं होतंय. आधी टिचकी जरा लवकर बसली तर चित्र निशाणाच्या अलीकडंच तुटायचं. आता आई हात सोडणार रेघ ओलांडल्यावर, म्हणजे रेघ चित्रात असणारच.

कळ धरून बघितली. सोडली. तपासायला लावलेल्या सकाळच्या एका गटाचे बैल पडद्यावर हळूहळू पळाले. परत धरली, बराच वेळ धरली, सोडली. पळाले. सौरभनं धरून बघितली. पळाले. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि तिच्या पायांना हात लावून कॅमेऱ्याकडं पळाला.

विजयसिंह तात्या परत आले तेव्हा सोमनाथराव बरोबर होते. आईला खुर्चीत बघून सोमनाथराव हसले.

"हीच बसणार व्हय?"

"हीच बसणार," मी म्हणाले. "तुमाला शंका असंल तर हितं फळीवर उभं राहा. पडद्यावर नका बघू, हातावर बघा."

सोमनाथरावांना ही अपेक्षा नव्हती. पण चारचौघांत माघार कशी घ्यायची? ते वर चढले आणि आईच्या खांद्यामागं उभे राहिले. त्यांची दुसरी गाडी फायनलला होती, मामाच्या अगदी शेजारच्या पट्ट्यात. ज्याची गाडी पळणार, तो माणूस गाडी सोडून एका बाईचं बोट बघायला उभा राहिला. हे दृश्य त्या माळानं कधी बघितलं नसेल.

गाड्या सुटल्या.

मला ती शर्यत सांगता यायची नाही, कारण मला ती तुकड्यातुकड्यानंच दिसली. निवेदक ओरडत होता, त्याचे शब्द एकमेकांत मिसळले होते. धुरळ्याचा एक लोट अंगावर येत होता. आधी सोमनाथरावांचा पांढरा बैल पुढं, कपाळावर पिवळा गोंडा. मामाची गाडी मागं. मग वकिलाला निशाण दिसलं. काय सुटला तो. पांढऱ्याच्या चाकाला आला, पोटाला आला, मानेला आला. मी उभी राहून "वकील, वकील" ओरडत होते, मघाचा संयम सगळा वाया. आईचं बोट ठिपक्यावर रोवलेलं होतं, नख पांढरं, मनगटाची शीर ताठ. तिच्या तोंडून आवाज येत नव्हता. ओठ मात्र हलत होते, आणि मला नक्की माहीत आहे, ती तिच्या भावाच्या बैलाला बोलावत होती. दोन्ही नाकं एकदम आली. धुरळा निशाणावरून गेला.

तिनं हात सोडला.

पंचानं झेंडा मामाच्या बाजूनं टाकला. माळावर एकच कल्लोळ झाला. मामाच्या गावची पोरं धावली, गुलाल उडाला, कुणीतरी मामाला खांद्यावर घेतलं. आणि आमचा पडदा काळा झाला.

क्षणभरच. चित्र साठवायला तेवढा वेळ लागतो हे मला ठाऊक होतं, मीच तसं लिहिलं होतं. सोमनाथरावांनी तोंड उघडलं, आणि त्यांनी काही बोलायच्या आत पडद्यावर माती दिसली. मग खूर. मग दोन्ही बैल, हळू, फार हळू, पाण्यातून चालल्यासारखे. वकिलाचं तपकिरी नाक पुढं येत होतं, येत होतं. पांढऱ्याचा गोंडा हवेत उडाला. आणि निशाणाच्या रेघेवर आधी पांढऱ्याचं नाक आलं. वकील चार बोटं मागं होता.

माळावर जनरेटरची घरघर तेवढी ऐकू यायला लागली.

सोमनाथराव पडद्याकडं बघत होते, मग आईच्या हाताकडं, मग परत पडद्याकडं. आपली गाडी जिंकली हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"निकिता," आई म्हणाली, "परत लाव."

"आई..."

"परत लाव. समद्यांना बगू दे."

मी परत लावलं. रेघ, गोंडा, पांढरं नाक, चार बोटं. झेंडापंच स्वतः टेम्पोपाशी आला, मान वर करून बघितलं आणि हातातला झेंडा सोमनाथरावांच्या गाडीकडं केला. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाची गचांडी धरली नाही. बघितलेल्या गोष्टीवर भांडायचं काय?

सोमनाथराव फळीवरून उतरले. दोन पावलं गेले आणि परत आले. आईकडं न बघता, टेम्पोच्या चाकाकडं बघत म्हणाले, "मगाशी बोललो ते मागं घेतो, बाई." आणि निघून गेले. जिंकलेला माणूस एवढा पडलेल्या चेहऱ्यानं जाताना मी पहिल्यांदाच बघितला.

विजयसिंह तात्यांनी बडीशेपेची डबी काढली आणि आधी आईपुढं धरली. "केसरबाई, फुडल्या म्हैन्यात बी शर्यती हायत. तुमी येताय न्हवं?" सौरभ शेजारीच उभा होता, त्याला त्यांनी विचारलंही नाही.

आई गर्दीकडं बघत होती. गर्दीतून मामा येत होता. खांद्यावरून उतरवलेला, डोक्यापासून मिशांपर्यंत गुलालानं माखलेला. हरल्यावर तो गुलाल कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. मला त्याच्याकडं बघवेना. सेमीचं चित्र साठलंच नव्हतं, तेव्हा पडदा चालला असता तर काय दिसलं असतं हे आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि फायनलला पडदा अडकला असता तर बक्षिसाची ढाल आज मोरगावला, मामाच्या घरी, गेली असती. माझ्या आईच्या हातानं ती गेली, आणि मी त्या हातासाठी सगळं नीट करून दिलं होतं.

मामा टेम्पोच्या फळीला हात लावून उभा राहिला. पडद्यावर अजून तेच चित्र होतं. त्यानं ते नीट बघितलं. मग आईकडं वळला.

"केसर, हात कवा सोडलास?"

"निशाण वलांडल्यावर," आई म्हणाली.

"सेमीचं देवाला ठावं," मामा म्हणाला. "ह्याचं समद्यांना ठावं. मग झालं."

त्यानं पोरांच्या हातातलं गुलालाचं ताट घेतलं आणि पांढऱ्या बैलाकडं चालत गेला. मी कॉम्प्युटरकडं वळले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि बक्षीस समारंभाचं चित्र अजून जायचं होतं. आईनं डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि बोट लाल ठिपक्याशेजारी आणून ठेवलं.